मशीनचं मॅन्युअल लिहिताय? या चुका टाळा

मॅन्युअल वाचणारा माणूस खुर्चीत बसलेला नसतो. रात्रपाळीला मशीन अडकलंय, हाताला ग्रीस लागलंय, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे आणि पान उलटायचं ते कोपराने. चाकणच्या बाजूला मॅन्युअलं लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यात पुन्हा पुन्हा भेटलेल्या काही चुका सांगतो.

सर्वात जास्त लाल शाई मी 'बंद' या एका शब्दावर खर्च केली असेल. व्हॉल्व्ह बंद केला की तेल थांबतं, स्विच बंद केला की वीज थांबते. इथपर्यंत ठीक. पण इंग्रजी मजकूर समोर ठेवून शब्दाला शब्द लावणारा 'सर्किट बंद करा' लिहितो, तेव्हा मूळ अर्थ असतो सर्किट पूर्ण करा, म्हणजे वीज वाहू द्या. फिटर नेमकं उलट समजतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. सर्किटला 'जोडा' आणि 'तोडा', व्हॉल्व्हला 'उघडा' आणि 'बंद करा', मोटरला 'चालू करा' आणि 'थांबवा' अशा जोड्या पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

'बोल्ट काढा' हेही तसंच. पूर्ण काढायचा की नुसता ढिला करायचा? वरचं कव्हर चारच बोल्टांवर लटकलेलं असेल तर हा फरक पायाच्या बोटांना कळतो. 'दोन आटे ढिला करा, बाहेर काढू नका' असं लिहा. आणि 'घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने' लिहिताना कुठून पाहायचं तेही सांगा. मोटरच्या पंख्याच्या बाजूने पाहणाऱ्याला आणि शाफ्टच्या बाजूने पाहणाऱ्याला तीच दिशा उलटी दिसते.

शाळेतल्या निबंधाची एक सवयही इथे नडते. तोच शब्द पुन्हा नको म्हणून एका परिच्छेदात 'कव्हर', पुढच्यात 'झाकण', त्यापुढे 'आवरण'. वाचणारा तीन वेगवेगळे पार्ट शोधत बसतो. पार्ट लिस्टमध्ये जे नाव आहे तेच शेवटपर्यंत, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

इशारा कृतीच्या आधी यायला हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी 'झाकण उघडा. उघडण्यापूर्वी प्रेशर शून्यावर आणा' अशी वाक्यं दर ड्राफ्टमध्ये सापडतात. पहिलं वाक्य वाचताच हात पान्याकडे गेलेला असतो. तसंच 'प्रेशर तपासण्यात यावे' लिहिलं, की ऑपरेटर म्हणतो मेंटेनन्सवाले बघतील, मेंटेनन्सवाले म्हणतात ऑपरेटरने बघितलं असेल.

आकडे आणि एककं

इथली चूक भाषेच्या चुकीसारखी डोळ्यात खुपत नाही, म्हणून जास्त घातक. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्सच्या हिशोबात दिले आणि पुढच्याने ते न्यूटनचे धरले. फरक जवळजवळ साडेचार पट. आमची गोष्ट एवढी मोठी नव्हती. जुन्या ड्रॉइंगवर टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, होता ४.५ किलोग्रॅम-मीटर. नवीन तक्त्याचं शीर्षक न्यूटन-मीटर, आणि आकडा मी जसाच्या तसा उतरवला. खरं तर तिथे ४४ हवे होते. ४.५ न्यूटन-मीटर म्हणजे बोल्ट जेमतेम हाताने आवळल्याइतका. छापायच्या आधी एका जुन्या फिटरने विचारलं, "साहेब, एवढ्यावर तर वॉशरसुद्धा दबत नाही, बरोबर आहे का हे?" तेव्हापासून आकडा आणि एकक मी एकत्रच तपासतो, आणि मूळ ड्रॉइंगवरूनच.

जर्मन कंपन्यांचे कागद येत असतील तर स्वल्पविरामावर नजर ठेवा. त्यांच्याकडे १,२५० म्हणजे सव्वा, आपल्याकडे साडेबाराशे.

फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली की आणखी एक गंमत होते, अर्थात ज्याची होते त्याला ती गंमत वाटत नाही. जुन्या सिम्बॉल फॉन्टमध्ये मायक्रोचं चिन्ह म्हणजे मुळात इंग्रजी 'एम' हे अक्षर असतं आणि ओहमचं चिन्ह म्हणजे 'डब्ल्यू'. फॉन्ट बदलला की ५० मायक्रॉनचे ५० मिलिमीटर होतात आणि १० ओहमचे १० वॅट. घातांकाचा आकडाही खाली उतरतो: दहाचा सहावा घात १०६ होऊन बसतो. स्पेलचेकला यातलं काही दिसत नाही. चिन्हं युनिकोडमधूनच घाला (त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो), आणि शेवटची पीडीएफ मूळ कागदाशेजारी ठेवून तक्ते ओळीओळीने ताडून पाहा.

एवढं झाल्यावर मशीन कधी न पाहिलेल्या एखाद्या अप्रेंटिसच्या हातात मॅन्युअल द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. समजावून सांगायचा मोह होईल, आवरा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघतो, त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा.