घरगुती इंजिन डायनो: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी या चुका टाळा

घरी बांधलेला डायनो, म्हणजे इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि शक्ती मोजणारे यंत्र, बिघडला तरी आकडा दाखवतच राहतो, आणि तो आकडा बहुधा पटण्यासारखा असतो. त्यामुळे रीडिंग विचित्र आले की कार्बुरेटर उघडण्यापूर्वी ब्रेकचा (इंजिनावर लोड टाकणाऱ्या भागाचा) आर्म, त्या आर्मचा जोर मोजणारा लोड सेल आणि ब्रेकला जोडलेले पाइप तपासावेत.

सर्वांत जास्त चुका टॉर्क मोजण्यातच होतात. आर्मची लांबी शाफ्टच्या मध्यापासून लोड सेलच्या जोडापर्यंत धरायची असते. 500 मिमीच्या जागी 510 मिमी धरली तर प्रत्येक रीडिंगमध्ये 2 टक्क्यांची चूक कायमची बसते. आर्म आणि लोड सेलचा दुवा यांच्यात काटकोन हवा. तो 15 अंशांनी ढळला तर टॉर्क सुमारे साडेतीन टक्के जास्त दिसतो. कॅलिब्रेशनसाठी आर्म आडवा ठेवून त्यावर माहीत असलेली वजने टांगावीत. अर्ध्या मीटरवर 20 किलो टांगले की 98.1 न्यूटन-मीटर दिसले पाहिजेत. वजने एकेक करून चढवताना आणि पुन्हा उतरवताना, दोन्ही वेळा नोंद करावी. त्याच वजनाला दोन वेगळी रीडिंग मिळाली, तर ब्रेक ज्या बेअरिंगवर झुलतो ती अडकत आहेत किंवा एखादा पाइप अथवा वायर ब्रेकला धरून ठेवत आहे, असे समजावे.

पाइपचा हा दोष मला फार उशिरा सापडला. माझ्या वॉटर ब्रेकचे (पाण्याने लोड देणाऱ्या ब्रेकचे) कॅलिब्रेशन अचूक येत असे, तरीही एका लहान इंजिनाचा टॉर्क एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी जुळत नव्हता, आणि मी कार्बुरेटरचे जेट (इंधनाची छिद्रे) बदलत बसलो होतो. शेवटी एकदा इंजिन बंद असतानाच पाण्याचा पंप सुरू केला, तर लोड सेलवर 600 ग्रॅम उमटले. दाब आल्यावर वाकवून बसवलेला होज पाइप सरळ होऊ पाहत होता आणि ब्रेकला ढकलत होता. अर्ध्या मीटरच्या आर्मवर हे जवळजवळ 3 न्यूटन-मीटर होतात. बारा-तेरा न्यूटन-मीटरच्या इंजिनात ही चूक जवळपास चौथ्या हिश्श्याची! पाइप मऊ घ्यावा, तो शाफ्टच्या रेषेतून आत आणावा आणि लोड सेलचा झीरो नेहमी पाणी वाहत असतानाच घ्यावा.

शक्तीचे सूत्र सोपे आहे: न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून 9549 ने भागले की किलोवॅट मिळतात. मात्र टॉर्क आणि आरपीएम एकाच शाफ्टचे असावे लागतात. चेनने वेग निम्मा केला असेल, तर ब्रेकवर टॉर्क दुप्पट दिसतो, आणि त्याला इंजिनाच्या आरपीएमने गुणले की कागदावर शक्ती दुप्पट होते. आकडा नको तितका आनंददायक वाटला, तर आधी हा गुणाकार पाहावा.

रीडिंग सतत वर-खाली होत असेल, तर कारणे शोधण्याचाही क्रम असतो. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 25 वेळाच फायर होते, म्हणून सरासरी काही पूर्ण चक्रांवर घ्यावी. वेडेवाकडे उंच काटे दिसले, तर इग्निशनचा गोंगाट लोड सेलच्या वायरमध्ये शिरत आहे असे मानावे. त्यावर शिल्डेड वायर आणि रेझिस्टरचा स्पार्क प्लग हा उपाय आहे. लोड हळूहळू डोलत असेल, तर पाण्याचा दाब स्थिर नाही. घरातला दुसरा नळ उघडला की ब्रेकचा लोड उतरतो, म्हणून थेट नळाऐवजी उंच ठेवलेल्या टाकीतून पाणी द्यावे.

उष्णतेचा हिशोबही बरेच जण विसरतात. ब्रेकने खाल्लेली जवळजवळ सगळी शक्ती पाण्यात जाते. 10 किलोवॅटच्या इंजिनासाठी पाणी 30 अंशांनी तापू द्यायचे असेल, तर मिनिटाला सुमारे 4.8 लिटर प्रवाह लागतो. तेच पाणी 200 लिटरच्या टाकीतून फिरवले, तर टाकी दर मिनिटाला साधारण 0.7 अंशाने तापते. बाहेर पडणारे पाणी 60 अंशांच्या खाली ठेवावे, कारण आत वाफ धरली की लोड अचानक सुटतो आणि इंजिन बेलगाम धावते.

ब्रेकऐवजी जड चकती फिरवणारा इनर्शिया डायनो वरवर सोपा वाटतो, पण मला त्याचीच भीती जास्त वाटते. 100 किलो वजनाची, 400 मिमी व्यासाची भरीव चकती 3000 आरपीएमला सुमारे 99 किलोज्यूल ऊर्जा साठवते, म्हणजे एक टनाची मोटार ताशी 50 किलोमीटरने धावावी तेवढी. वेग दुप्पट केला की ही ऊर्जा चौपट होते. अशा चकतीसाठी ओतीव लोखंड वापरू नये, तिला जाड पोलादी गार्ड असावा आणि तिच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. एक्झॉस्टचा पाइप थेट बाहेर काढावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बंद करण्याचा क्रमही चुकतो. प्रथम थ्रॉटल मिटवावा, वेग उतरल्यावर लोड कमी करावा, मग इग्निशन बंद करावे आणि पाण्याचा पंप सर्वांत शेवटी. दर वेळी आयडलवरच किल स्विच दाबून इंजिन खरोखर थांबते का हे पाहावे, आणि मगच पहिली रन घ्यावी.