पाण्याच्या कुंडीतला बॉलकॉक म्हशी मोडतात? तो कुंडीत बसवूच नका

कुंडीतच बॉलकॉक (पाणी भरलं की आपोआप बंद होणारा, तरंगत्या गोळ्याचा नळ) बसवला की म्हशी शिंगानं नाहीतर तोंडानं ढुसण्या देऊन दांडा वाकवतात आणि रात्रभर पाणी वाहून गोठ्यात चिखल होतो. आमच्याकडे दोनदा झालं, मग ही जोडणी केली.

1. जनावरांच्या तोंडाबाहेर, भिंतीपलीकडे एक छोटा ड्रम ठेवा. टाकीकडून येणारा पाईप आणि बॉलकॉक त्यातच. वर झाकण हवंच.

2. ड्रमच्या तळाजवळून एक इंची पाईप काढून सगळ्या कुंड्यांना खालून जोडा. प्रत्येक कुंडीआधी एक व्हॉल्व्ह आणि तळाशी निचऱ्याचं बूच ठेवा, म्हणजे एक कुंडी धुताना बाकीच्या रिकाम्या होत नाहीत.

3. ड्रममध्ये पाणी जिथं थांबेल, तीच पातळी सगळ्या कुंड्यांत येते. म्हणून कुंड्यांचे काठ एका लेव्हलला हवेत. डोळ्यानं अंदाज घेऊ नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाणी भरून लावा. काठाच्या चार इंच खाली पाणी थांबेल असा बॉलकॉक ठेवा.

आठवड्याला कुंडी घासून चुना लावा, शेवाळ कमी धरतं. चुना वाळल्यावरच पाणी सोडा.

एक मात्र सांभाळा: रोज सकाळी प्रत्येक कुंडीतलं थोडं पाणी उपसून परत भरतंय का ते बघा. कडब्याच्या काडीनंही पाईप तुंबतो. गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं, म्हशीच्या दुधात थोडं कमी. गाय-म्हैस तहानलेली राहिली तर संध्याकाळच्या धारेलाच ते दिसतं.