माणसं विरुद्ध ड्रॅगन: ३०० वर्षांच्या युद्धात दोष कुणाच्या माथी मारायचा आणि कसा

फँटसी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी माणसं आणि ड्रॅगन यांचं लांबलचक युद्ध लिहायची खाज सुटतेच. मलाही सुटली. पहिल्या ड्राफ्टमध्ये ड्रॅगन गावं जाळायचे आणि माणसं बिचारी मरायची, मग मलाच ते बाळबोध वाटायला लागलं म्हणून मधे एक ट्विस्ट घुसवला की आधी माणसांनीच ड्रॅगनची अंडी चोरली होती, आणि मी एकदम खूश, म्हटलं वा, काय खोली आली कथेला. एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, म्हणजे आता माणसं वाईट आणि ड्रॅगन बिचारे, एवढंच ना? तू नुसती टोपी फिरवलीयेस. आणि मग तिने जे विचारलं त्याने माझी झोप उडाली: जे गाव जळलं, त्या गावातल्या एकाला तरी अंड्यांचं माहीत होतं का?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जी पद्धत हाताला लागली ती खाली देतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका आणि मग त्यावरून हलू नका: तुमचा ड्रॅगन जनावर आहे की कुणीतरी आहे? वाघाने माणूस खाल्ला तर आपण वाघाला मारतो, पण त्याला पापी म्हणत नाही, कारण वेगळं वागायचा पर्याय त्याला दिसतच नव्हता. ड्रॅगन तसा असेल तर दोषाचा प्रश्नच मिटला, मग ते युद्ध नाही, शिकार आहे. पण तो बोलत असेल, वचन देत असेल, उद्याचा विचार करत असेल तर त्याने जाळलेल्या प्रत्येक घराचा जाब त्याला विचारता येतो, आणि मग त्याला मारणंही ढेकूण मारण्याइतकं सोपं राहत नाही. सगळ्यात जास्त चीटिंग इथेच होते बघा. हीरोने ड्रॅगन मारला की तो जनावर, आणि ड्रॅगनने हीरोचा बाप मारला की तो सैतान. एकच काय ते निवडा.

आता वही घ्या. कॉम्प्युटरवर केलं तरी चालेल, पण मला वहीत जमतं. उभी रेघ मारून दोन रकाने करा, एक माणसांच्या आठवणीचा, दुसरा ड्रॅगनांच्या. युद्धातल्या मोठ्या ८-१० घटना वर्षाप्रमाणे खाली खाली लिहा, पण प्रत्येक घटना दोनदा, दोघांच्या शब्दांत. माझ्या वहीतली ११२ व्या वर्षाची नोंद अशी आहे. डावीकडे: कापणीच्या रात्री आभाळातून आग पडली, ४० घरं गेली, विहिरीत उड्या टाकलेली माणसं उकडून मेली. उजवीकडे: तिसऱ्या घरट्यातली अंडी फोडणारे ज्या वाटेने पळाले ती वाट ज्या गावात संपत होती, ते गाव. बस, एवढंच. ड्रॅगनांच्या आठवणीत घरं किती होती हे नाहीच, त्यांनी मोजलीच नव्हती, आणि माणसांच्या आठवणीत अंडी नाहीत. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. कुणीही खोटं बोलत नाहीये आणि तरी हे दोघं एकमेकांना कधीच समजणार नाहीत. हे मला कुठलाही संवाद लिहायच्या आधीच कळलं, नुसत्या वहीमुळे.

वही भरताना एक मोह होतो, सगळ्यात वरच्या ओळीवर जायचा, म्हणजे 'सुरुवात कोणी केली' हे शोधायचा. जाऊ नका तिकडे. प्रत्येक पहिल्या घटनेच्या आधी अजून एक पहिली घटना निघते. महाभारतातलं नागांचं वैर घ्या ना, माणसं आणि सरपटणाऱ्या बुद्धिमान जिवांचं पिढ्यान् पिढ्या चाललेलं वैर याहून चांगलं कुठे सापडणार. जनमेजय सर्पसत्र का करतो, तर तक्षकाने त्याच्या बापाला, परीक्षिताला दंश केला. तक्षकाने का केला, तर ऋषिपुत्राचा शाप होता. शाप का, तर परीक्षिताने त्याच्या बापाच्या गळ्यात मेलेला साप टाकला. त्याही मागे जा, परीक्षिताच्या आजोबाने, अर्जुनाने, खांडववन जाळताना तक्षकाच्या बायकोचं डोकं उडवलं होतं, तक्षक तेव्हा घरी नव्हता आणि पोरगा अश्वसेन कसाबसा निसटला. तो पुढे कर्णाच्या बाणावर बसून सूड घ्यायला आला. आणि हे सगळं सोडा, साप यज्ञात जळणार हा शाप तर त्यांच्या स्वतःच्या आईने, कद्रूने, दिला होता. आता सांगा सुरुवात कोणी केली.

महाभारताच्याच आदिपर्वात रुरूची छोटी गोष्ट आहे, ती मला जास्त कामाची वाटते. रुरूच्या होणाऱ्या बायकोला साप चावतो, म्हणून तो दिसेल तो साप मारत सुटतो. एकदा डुंडुभ नावाच्या बिनविषारी सापावर काठी उगारतो तर तो विचारतो, बाबा रे, चावणारे वेगळे, मला का मारतोस? तुमच्या युद्धात हा प्रश्न विचारणारा एक डुंडुभ दोन्ही बाजूंना हवाच. नसेल तर तुमचा दोष फक्त जातीवर पडतोय, कुणा एकावर नाही.

म्हणजे पद्धत काय, तर दोष युद्धावर नाही, कृत्यावर लावायचा. एक कृत्य, ते करणारा एक जीव, आणि त्याला तीन प्रश्न. त्याला काय माहीत होतं, त्याच्याकडे दुसरी कुठली वाट होती, आणि त्याला कळू शकलं असतं ते त्याने मुद्दाम कळून घेतलं नाही का. तिसरा प्रश्न सगळ्यात खतरनाक आहे. माझ्या कथेत एक १४ वर्षांचा पोरगा आहे, त्याला सांगितलंय की घरट्यातून गोल दगड आण, दगडामागे एक चांदीचं नाणं. तो पाठीवर झोळी बांधून कडा उतरतो, अर्ध्यात दमतो, कड्याला टेकून बसतो आणि त्याच्या पाठीला झोळीतून टकटक लागते. दोनदा. तो थोडा वेळ तसाच बसतो, मग झोळीच्या आत स्वतःचं कांबळं कोंबतो, म्हणजे पाठीला काही जाणवू नये, आणि उतरायला लागतो. टकटक व्हायच्या आधी तो निर्दोष होता. कांबळं कोंबल्यानंतर नाही. मी हा सीन सहा वेळा लिहिला आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनातले विचार कमी करत गेलो, शेवटी फक्त कांबळं राहिलं.

युद्धशास्त्राचा विचार करणाऱ्यांनी एक फरक फार पूर्वीपासून केलाय तो इथे वापरा. युद्ध पुकारणं न्याय्य होतं का हा एक प्रश्न, आणि युद्धात कसं वागलात हा वेगळा. न्याय्य कारणासाठी लढणारा माणूसही शरण आलेल्याला मारून गुन्हेगार होतो. १९४९ चे जिनिव्हा करार याच तत्त्वावर उभे आहेत, जखमी, कैदी आणि सामान्य नागरिक यांना हात लावायचा नाही, मग युद्ध कुणीही सुरू केलेलं असो. आता हे ड्रॅगनला लावून बघा, मजा येते. ड्रॅगन शरण कसा येतो? माणूस तलवार टाकतो, ड्रॅगन आग कुठे टाकणार, ती तर पोटात आहे. त्याने पंख मिटून जबडा जमिनीला लावला तर ती शरणागती आहे की झडप घालायची तयारी, हे समोरच्या भालेवाल्याला कोण शिकवणार? आणि ड्रॅगनमध्ये नागरिक कोण? पिल्लू जन्मतःच शस्त्र घेऊन येतं. उलट बाजूने, आग ही नेम धरून एकालाच मारता येणारी गोष्ट नाही, गवताच्या छपरांच्या वस्तीवर ती टाकली की सैनिक आणि तान्हं बाळ यांत फरक करणारच नाही, म्हणजे रात्री वस्तीवर आग टाकणारा ड्रॅगन 'मला फक्त सैनिक मारायचे होते' असं म्हणू शकत नाही. दोन्ही बाजूंचे नियम इथे बसून ठरवा. बहुतेक वेळा कथेतली सगळ्यात वाईट घटना ही कुणाच्या दुष्टपणातून येत नाही, मिटलेले पंख न कळल्यामुळे येते.

हुकमाचं काय? न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात, म्हणजे नाझी नेत्यांवर १९४५-४६ मध्ये चाललेल्या, नियम असा होता की वरून हुकूम होता म्हणून गुन्हा माफ होत नाही, फार तर शिक्षा कमी करताना त्याचा विचार होईल. निकाल २२ जणांचा लागला, १२ जणांना फाशीची शिक्षा, ७ जणांना कैद आणि ३ जण चक्क निर्दोष सुटले. त्या तिघांकडे मी नेहमी बोट दाखवतो, कारण इतक्या भयानक युद्धानंतरही माणूस बघून हिशोब केला गेला. तुमच्या कथेत माणसांकडे राजा आहे, सेनापती आहे, जाळं विणणारे आहेत, म्हणजे दोष वाटला जातो आणि वाटता वाटता पातळ होतो, जो तो म्हणतो मी फक्त दोर वळला. ड्रॅगन एकटा उडतो. त्याचा दोष वाटून घ्यायला कुणी नसतं. एका बाजूला आख्खं राज्य आणि एकालाही झोप न लागण्याइतका दोष नाही, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी ड्रॅगनीण आणि ४० घरं तिच्या एकटीच्या नावावर.

आणि आता या विषयातली खरी गंमत, जी माणूस विरुद्ध माणूस लिहिताना मिळतच नाही: आयुष्य. इंग्लंड आणि फ्रान्सचं ते प्रसिद्ध शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं चाललं, सुरू करणाऱ्यांपैकी कुणीही ते संपलेलं बघितलं नाही. तुमच्या ३०० वर्षांच्या युद्धात २५ वर्षांची एक पिढी धरली तरी माणसांच्या १२ पिढ्या गेल्या. ड्रॅगनीण तीच आहे. तिच्यासाठी ती वैयक्तिक गोष्ट आहे, माणसांसाठी पाळण्यात ऐकलेलं गाणं. तिला शिक्षा द्यायची तर ती देता येते, ती समोर आहे, पण तिने ज्यांच्यावर राग धरलाय ते सगळे मातीत गेलेत आणि समोर उभी आहेत त्यांची खापरपणतवंडं, ज्यांनी काही केलेलं नाही.

काही केलेलं नाही, पण राहतात कुठे? घरट्यांच्या डोंगरावर. इथे जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स कामाला येतो. १९४६ मध्ये, आपल्याच देशाबद्दल लिहिताना, त्याने दोषाचे चार प्रकार वेगळे केले: गुन्ह्याचा दोष, जो कोर्ट ठरवतं, राजकीय, म्हणजे आपल्या राज्याने जे केलं त्याचे परिणाम नागरिक म्हणून सगळ्यांनी भोगायचे, नैतिक, ज्याचा हिशोब आपल्या मनाशी, आणि चौथा जरा अवघड, दुसरे मेले आणि मी जिवंत राहिलो याचा. मी हे चार वहीच्या मागच्या पानावर लिहिलेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या कॅरेक्टरपुढे खूण करतो. माझ्या कथेतल्या अशाच एका खापरपणतीकडे पहिला आणि तिसरा शून्य, पण दुसरा पूर्ण. ती अपराधी नाही, देणेकरी आहे. ड्रॅगनीणीकडे पहिला, तिसरा, आणि चौथा तर इतका की ती त्यावरच जगतेय. सगळ्यांपुढे चारही खुणा आल्या तर समजा तुम्ही आळस केलाय.

आळसावरून आठवलं, 'दोन्ही बाजू सारख्याच वाईट' हा शेवट करू नका, प्लीज. तो समजूतदार वाटतो पण तो हिशोब न करण्याचा बहाणा आहे. हिशोब करा, एक बाजू जास्त दोषी निघाली तर निघू दे.

सीनमध्ये दोष दाखवताना भाषणं टाळा, शब्द बघा. माणसं अंडी फोडायच्या मोहिमेला 'सफाई' म्हणतात. ज्या जागेला नकाशावर विजयखिंड लिहिलंय तिला ड्रॅगनांच्या बोलीत नावच नाही, त्या खिंडीवरून उडताना ते गप्प होतात, एवढंच. तहाच्या सीनमध्येही सगळ्यांना एकदम माफी मागायला लावू नका, माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये तसं होतं आणि ते लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहासारखं दिसत होतं.

सध्या मी तिथेच अडकलोय. ड्रॅगनीण खापरपणतीच्या दारात आलीये, आणि ती माफी नाही मागत, फक्त कवच परत मागतेय, त्या पोराने आणलेल्या अंड्याचं अर्धं कवच. ते घरातच आहे. आठ पिढ्या त्यात धान्य साठवलंय, आताही काठोकाठ भरलेलं आहे. पोरीने अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही, ती आत जाऊन एक रिकामं पोतं शोधतेय.