क्राउन प्रिपरेशन स्वतः तपासताना: आधी अंदाज, मग स्कॅन

टायपोडॉन्टवरील (सरावासाठीच्या कृत्रिम जबड्यावरील) खालच्या दाढेचे क्राउन प्रिपरेशन (टोपी म्हणजे क्राउन बसवण्यासाठी दात घासून आकार देणे) स्कॅनरने तपासण्याची सोय असेल, तर बर (दात घासण्याचे फिरते टोक) लावण्यापूर्वीच त्या दाढेचा शेजारच्या दातांसह एक स्कॅन करून ठेवावा. काम संपल्यावर लगेच पडद्याकडे धावू नये. प्रत्येक कस्प (दाढेच्या माथ्यावरचा उंचवटा) किती मिलिमीटर घासला गेला आणि भिंतींचा निमुळतेपणा किती अंश झाला, याचा स्वतःचा अंदाज आधी कागदावर लिहावा. माझ्या मते खरे शिक्षण या अंदाजातच आहे.

त्यानंतर दुसरा स्कॅन करून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवाव्यात. मात्र ही जुळणी न घासलेल्या शेजारच्या दातांच्या आधारे करावी, कारण घासलेला दातही जुळणीत धरल्यास सॉफ्टवेअर चूक सगळीकडे वाटून टाकते आणि घासणी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. टायपोडॉन्टमधील दाताचा स्क्रू सैल असला तरी दात हलून मोजमाप चुकते. पूर्ण धातूच्या क्राउनसाठी गालाकडील कस्पवर सुमारे १.५ मिमी आणि जिभेकडील कस्पवर १ मिमी घासणी अपेक्षित असते. दोन स्कॅनमधला फरक दाखवणाऱ्या रंगीत नकाशातला हिरवा रंग पाहून हुरळून जाऊ नये; किती फरकापर्यंत हिरवा दाखवायचा, हे आपणच ठरवलेले असते. म्हणून दाढेचा गालाकडून जिभेकडे उभा छेद घेऊन आकडे मोजावेत.

स्कॅनर नसल्यास घासण्याआधी घेतलेला पुटी इंडेक्स (मऊ पुटी दाबून घेतलेला दाताचा साचा) मधोमध कापून दातावर बसवावा आणि साचा व दात यांमधल्या फटीशेजारी पेरिओडॉन्टल प्रोब (मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई) धरून मोबाइलने सरळ बाजूने छायाचित्र घ्यावे.