गंगाखेडला वाढदिवसाची फुलं पाठवताना या चुका टाळा

माझी मावशी गंगाखेडला राहते, गोदावरीच्या बाजूच्या जुन्या गल्लीत. तिला पंचाहत्तरावं लागलं त्या वर्षी मी पुण्यातून तिच्यासाठी फुलं मागवली. संकेतस्थळावर ४३१५१४ हा पिनकोड टाकला, हिरवी खूण आली, बारा लाल गुलाबांचे पैसे भरले आणि सकाळी दहाची वेळ निवडली. रात्री पावणेनऊला परभणीहून एका मुलाचा फोन आला, "मॅडम, आता गंगाखेडला कोणी जात नाही. उद्या दिलं तर चालंल का?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी फुलं पोचली. बाराही गुलाबांनी माना टाकलेल्या होत्या. मावशी एवढंच म्हणाली, "लेकरा, एवढे पैसे कामून घातलेस?"

तेव्हापासून दरवर्षी तिला, पैठणच्या आत्याला आणि शहागडच्या एका मैत्रिणीच्या आईला मी फुलं पाठवते. तिन्ही गावं गोदाकाठची. काय बिघडतं आणि कुठे बिघडतं, हे त्यातून कळत गेलं.

पिनकोडच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. पिनकोड टपाल कार्यालयाचा असतो. त्या एका आकड्याखाली गाव, वस्त्या आणि आसपासची कितीतरी खेडी येतात. संकेतस्थळावर खूण दिसते तिचा अर्थ एवढाच की या भागाची ऑर्डर घेणारा कोणीतरी कुठेतरी आहे. तो बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. गंगाखेडची ऑर्डर परभणीच्या दुकानात जाते आणि परभणी तिथून साधारण ४० किलोमीटर. एका बुकेसाठी मोटारसायकलवर मुलगा पाठवणं दुकानदाराला परवडत नाही. मग तो त्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या कामाची वाट बघतो. तोवर बुके दुकानात उभा, नाहीतर उन्हात गाडीला लटकलेला. काही वेळा तर फुलं कुरियरच्या खोक्यातून येतात, म्हणजे एक-दोन दिवस पाण्याविना.

ऑर्डर द्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा: बुके कोणत्या गावात बांधणार, तिथून कोण नेणार, किती वाजता निघणार? "होऊन जाईल मॅडम" एवढंच उत्तर आलं तर थांबा.

मी आता वेगळं करते. मावशीच्या शेजारच्या वहिनींना विचारून गावातला एक हारवाला गाठला. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. देवळाला रोज फूल लागतं, लग्नाला, सत्काराला, गाडीच्या पूजेला हार लागतात. त्यामुळे छोट्या गावात बुकेचं चकचकीत दुकान नसलं तरी फुलाचा जाणता माणूस असतोच. त्याला दोन दिवस आधी फोन करते, निम्मे पैसे मोबाइलवरून पाठवते, उरलेले फुलं पोचल्यावर. नमुन्याचा फोटो मात्र पाठवत नाही. "तुमच्याकडे त्या दिवशी सगळ्यात ताजं काय असेल?" असं विचारते. मोठ्या शहरातला फोटो पुढे ठेवला की तो बिचारा परभणीहून, नांदेडहून जरबेरा मागवतो आणि आपण पुन्हा शिळ्या फुलांवर येतो.

दुसरा पर्याय म्हणून काही जण पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने फुलांचं पार्सल पाठवतात. डिकीत इंजिनाची धग आणि वर बॅगांचा भार असतो. मिठाई पाठवा, साडी पाठवा, फुलं त्या डिकीत घालू नका.

तारीख नक्की करा

ते बारा गुलाब मी १ जूनला पाठवले होते. मावशीचा कसलासा अर्ज भरताना तिच्या आधार कार्डावर ती तारीख पाहिली होती. फुलं पोचल्यावर चार दिवसांनी ती सहज म्हणाली, "माझा वाढदिवस नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असतो. एक जून मास्तरांनी घातलीय."

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर १ जूनच आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकायची पद्धत होती. म्हणून कागदावरून वाढदिवस ठरवू नका. घरातल्या थोरल्या माणसाला विचारा: आईला आठवणारा दिवस कोणता, सण कोणता जवळ होता?

तिथी कळली तर दरवर्षी पंचांग बघावं लागतं. तिथी दर साली साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि मध्ये अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. मागच्या वर्षीची तारीख मोबाइलमध्ये आठवण म्हणून लावून ठेवली तर यंदा चुकणार, हे नक्की.

त्या दिवशी गावात काय आहे, ते विचारा

आठवडी बाजार असेल तर भर सकाळी गल्लीत गाडी शिरत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते. त्या दिवशी गावातलं फूल न् फूल पालखीला जातं, आणि ते जायलाच हवं. गौरी-गणपती, दसरा, मार्गशीर्षातले गुरुवार, मोठी लग्नतिथ या दिवसांत हारवाल्याला आठवडाभर आधी सांगा. आणि घरी सुतक नाही ना, हे शेजारी विचारल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

फुलांची निवड

मराठवाड्याच्या उन्हाचा विचार न करता केलेली निवड हमखास फसते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. पैठणच्या आत्याचा वाढदिवस वैशाखातला, म्हणून तिच्याबाबतीत मी फार काळजी घेते.

उन्हाळ्यात शेवंती मिळाली तर पहिली पसंती तिला. ती सगळ्यात जास्त टिकते, पाणी कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेते. तिच्यानंतर गुलछडी. तिच्या कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे खालची एक-दोन फुलंच उमललेली दांडी मागा. पुढचे चार-पाच दिवस रोज संध्याकाळी घरभर वास येतो. म्हाताऱ्या माणसांना नजरेपेक्षा वासाचं सुख जास्त, असं मला आत्याकडे पाहून वाटतं. ती गुलछडी उशाशी ठेवते.

डच गुलाब घ्यायचे तर अर्धवट मिटलेले घ्या आणि पहाटेच घरी पोचतील असं बघा. जरबेरा दिसायला छान, पण त्याचा देठ पोकळ आणि लवयुक्त. खोल पाण्यात कुजतो, पाणी नसलं तर तासाभरात वाकतो. ऑर्किड आणि कार्नेशन यांच्यासाठी गंगाखेडला जीव टाकू नका. झेंडू टिकतो, पण नुसत्या झेंडूचा गुच्छ दारच्या तोरणासारखा दिसतो. शेवंतीच्या मधे दोन-चार घातले तर रंग खुलतो.

मोगऱ्याच्या दिवसांत मी बुके पाठवतच नाही. ओंजळभर मोगरा केळीच्या पानात बांधून पाठवते, सोबत गजरा. एकच सावधगिरी: गजरा पाठवण्याआधी ती बाई तो माळते का, हे माहीत असू द्या. माझ्या मैत्रिणीच्या आईचे यजमान गेल्यानंतर लोक तिला गजरा द्यायला कचरत. मी मुलीला विचारलं, मुलीने आईला विचारलं. आई म्हणाली, "पाठवू दे, मला हौस आहे." न विचारता पाठवला असता तर चार बायकांसमोर ती अवघडली असती, आणि न विचारता टाळला असता तर तेही वाईटच.

चिठ्ठीवर पूर्ण नाव हवं

छोट्या गावात फुलं गुपचूप येत नाहीत. अर्धी गल्ली बघते. लग्न झालेल्या मैत्रिणीला नुसतं 'तुझाच' किंवा 'ओळख पाहू' असं लिहून लाल गुलाब पाठवलेत तर तिला दिवसभर सासरी खुलासे करत बसावं लागेल. पूर्ण नाव, नातं, गाव लिहा: 'तुझी भाची, पुण्याहून'. अक्षर मोठं आणि मराठीत. हारवाल्याला मजकूर फोनवर सांगू नका, लिहून पाठवा. मावशीच्या एका चिठ्ठीवर माझं नाव भलतंच पडलं होतं आणि ती दोन दिवस ही कोण म्हणून विचारत राहिली.

पत्ता आणि फोन

घर क्रमांकाचा फार उपयोग होत नाही. गल्लीचं नाव, जवळची शाळा किंवा दवाखाना, घराला लोक कोणाचं घर म्हणतात ते लिहा. मावशीचं घर आजही तिच्या सासऱ्यांच्या नावाने ओळखलं जातं. खेड्यात पाठवत असाल तर तालुका नक्की लिहा, कारण पिंपळगाव आणि वडगाव जागोजागी आहेत. फोन नंबर दोन द्या: एक घरातल्याचा, एक शेजाऱ्याचा. तिला आधी कळू द्यायचं नसेल तर शेजाऱ्याचा नंबर पहिला.

पावसाळ्यात नदीकडे लक्ष ठेवा

श्रावण-भाद्रपदात जायकवाडी धरणातून पाणी सोडलं की खालच्या गावांना इशारे मिळतात, सखल पूल पाण्याखाली जातात, रस्ते बंद होतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने किती सोसलं, ते आपण पाहिलं आहे. अशा दिवशी पन्नास रुपये जास्त देऊन कोणा मुलाला पुलावरून पाठवायचं नाही. फुलं चार दिवसांनी जातील. त्या दिवशी फोन करा, पाणी कुठवर आलंय ते विचारा.

फुलं सुकलेली पोचली तर

लगेच टाकून देऊ नका. गुलाबाने मान टाकली म्हणजे बहुतेक वेळा देठात हवा अडकून पाणी वर चढेनासं झालेलं असतं. बादलीत देठ बुडवून पाण्याखालीच दोन बोटं तिरका कापायला सांगा, पाण्यात येणारी पानं काढून टाका, फुलं मानेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून खोल पाण्यात दोन तास अंधाऱ्या खोलीत उभी करा. पुष्कळ गुलाब मान वर काढतात. जरबेराही असाच गुंडाळून सरळ करता येतो, पण नंतर त्याला चार बोटंच पाणी.

घरात फुलदाणी नसते, हे धरून चाला. स्टीलची कळशी उत्तम. बोअरचं खारं पाणी नको, पिण्याच्या जारचं घाला. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर घालायची तर दोन चमचे लिंबाचा रसही घाला, कारण नुसत्या साखरेने पाण्यात जंतू वाढतात आणि देठ बुळबुळीत होतो. पाणी रोज बदला.

आणि आंब्याच्या दिवसांत फुलं अढीच्या खोलीत ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. आत्याकडे दोन वर्षं हेच होत होतं आणि आम्ही हारवाल्याला बोल लावत होतो.

बांधताना काय वापरलंय, ते बघा

बुकेच्या बुडाशी हिरवा स्पंज असतो. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, हाताने चुरला तरी कुजत नाही. आपल्याकडे वाळलेली फुलं निर्माल्य म्हणून गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायची सवय. मावशीने पहिला बुके स्पंज, चमकीचा कागद आणि रिबिनीसकट घाटावर नेऊन सोडला होता. चूक तिची नव्हती, मी पाठवलेल्या वस्तूचीच होती. आता मी हारवाल्याला आधीच सांगते: सुतळीने बांधा, केळीच्या पानात गुंडाळा, स्पंज नको, चमकी नको. तो पहिल्यांदा म्हणाला, "ताई, मग बुके शोभणार नाही." आता त्याच्याकडे गावातलेच दोघं-तिघं तसाच बांधून मागतात, आणि मावशी सुकलेल्या पाकळ्या परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी टाकते.