आरओ प्लँटवर रुजू होताय? आधी लॉगशीट वाचायला शिका

केमिकल इंजिनिअरिंग करून मी आरओ प्लँटवर रुजू झाले, तेव्हा रिव्हर्स ऑस्मोसिसची (आरओ, म्हणजे दाब देऊन पाणी मेंब्रेनमधून गाळणं आणि क्षार मागे ठेवणं) समीकरणं तोंडपाठ होती. रोजची लॉगशीट कशी वाचायची हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं, आणि पहिल्या सहा महिन्यांतच त्याची किंमत मोजावी लागली. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तो अनुभव लिहिते आहे.

प्लँट दोन स्टेजचा होता. पहिल्या स्टेजला चार व्हेसल (मेंब्रेन बसवायच्या दाबनळ्या), दुसऱ्या स्टेजला दोन, प्रत्येकात आठ इंची सहा मेंब्रेन. तासाला ४० घनमीटर फीड, म्हणजे आत जाणारं पाणी, रिकव्हरी ७५ टक्के. म्हणजे शंभर लिटर आत गेलं की पंचाहत्तर लिटर शुद्ध पाणी मिळायचं आणि जवळपास सगळे क्षार उरलेल्या पंचवीस लिटर रिजेक्टमध्ये गोळा व्हायचे. हे रिजेक्ट फीडच्या साधारण चौपट खारं. रिकव्हरी ८० वर नेली की पाचपट. कुणी 'पाचच टक्के वाढवू' म्हणालं तर हा हिशेब आधी करा. चौपटीला कसंबसं विरघळून राहिलेलं कॅल्शियम पाचपटीला मेंब्रेनवर बसू शकतं. स्केलिंगचा, म्हणजे असा क्षारांचा थर बसण्याचा, धोका तपासताना फीडचा रिपोर्ट बघून थांबू नका, रिजेक्टमध्ये काय होईल ते काढा.

आता माझी चूक. ऋतू बदलत होता, फीडचं तापमान २२ अंशांवरून हळूहळू २८ वर आलं होतं. दाब तोच, प्रॉडक्टचा फ्लो तोच. रोज तेच आकडे लिहायचे आणि सगळं ठीक आहे असं समजायचे. एकदा एका जुन्या ऑपरेटरने शीट चाळली आणि विचारलं, "मॅडम, पाणी कोमट झालंय ना? मग प्रॉडक्ट वाढलं का नाही?"

पाणी एक अंशाने तापलं की त्याच दाबाला मेंब्रेनमधून साधारण ३ टक्के जास्त पाणी जातं. सहा अंशांना फ्लो सुमारे १८ टक्के वाढायला हवा होता. तो जागचा हलला नव्हता, म्हणजे आम्ही जवळजवळ १५ टक्के क्षमता गमावून बसलो होतो आणि तापमान ती तूट झाकत होतं. म्हणून कच्चा फ्लो कधीही एकटा वाचू नका. तापमान, दाब आणि फीडचा खारेपणा यांची दुरुस्ती करून तो २५ अंशांच्या एकाच पायावर आणायचा, याला नॉर्मलायझेशन म्हणतात. मेंब्रेन कंपन्या त्यासाठी तयार तक्ते देतात. नॉर्मलाइझ केलेला फ्लो १० ते १५ टक्के उतरला, किंवा डीपी (पाणी आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा दाब यांतला फरक) १५ टक्क्यांच्या आसपास चढला, की सफाई पुढे ढकलायची नाही. थर जुना झाला की तो सुटत नाही.

त्यानंतर शोधायचं ते दुखणं कुठे आहे. पाण्याबरोबर वाहत आलेली घाण, म्हणजे गाळ, कोलॉइड, लोह आणि जिवाणूंचा चिकट थर, बहुतेक वेळा पहिल्या स्टेजच्या तोंडाशी अडकते. क्षार मात्र पाणी सर्वांत खारं होतं तिथे, शेवटच्या स्टेजच्या शेपटाला बसतात. म्हणून दोन्ही स्टेजचा डीपी वेगळा नोंदवा. आमच्याकडे पहिली स्टेज शांत होती, दुसऱ्या स्टेजचा डीपी आणि तिच्या प्रॉडक्टची कंडक्टिव्हिटी (पाण्यात किती क्षार आहेत ते दाखवणारं माप) दोन्ही चढलेली. शेवटच्या व्हेसलमधलं शेवटचं मेंब्रेन बाहेर काढलं तर ते उचलतानाच जड लागलं. टोकाला वाळूसारखी खर होती. तिच्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला तर फसफसली. कॅल्शियम कार्बोनेट. त्यातल्या त्यात हे नशीबच म्हणायचं, कारण सल्फेट किंवा सिलिका असती तर आम्लाने काही साधलं नसतं.

पण अँटिस्केलंट, म्हणजे क्षारांना मेंब्रेनवर बसू न देणारं औषध, तर चालू होतं! निदान लॉगशीटमध्ये रोज 'पंप चालू' असं लिहिलेलं होतं. पंप खरंच चालू होता, आवाजही येत होता, फक्त त्याच्या डोक्यात हवा अडकली होती आणि डोस पडतच नव्हता. टाकीची पातळी कित्येक दिवस हललेली नाही, हे माझ्यासह कुणीच पाहिलं नव्हतं. ४० घनमीटरला लिटरमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला १६० ग्रॅम, दिवसाला ३.८ किलोच्या वर. एवढं औषध टाकीतून कमी झालंच पाहिजे. त्या दिवसापासून आम्ही 'पंप चालू' हा रकाना काढला आणि 'टाकी किती उतरली' हा रकाना घातला.

दोन टक्के सायट्रिक आम्ल फिरवून फ्लो बराचसा परत आला. पण ही कृती डोळे मिटून उचलू नका. थर कार्बोनेटचा किंवा लोहाचा असल्याची खात्री असेल तरच आम्ल आधी. सेंद्रिय किंवा जैविक घाण असेल तर आधी अल्कली, मग आम्ल. उलट केलं तर थर आणखी घट्ट बसू शकतो. पीएच आणि तापमानाच्या मर्यादा त्या मेंब्रेनच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

जैविक फाउलिंगचा, म्हणजे मेंब्रेनवर जिवाणूंचा थर वाढण्याचा, मला जास्त धाक वाटतो. पॉलिअमाइड मेंब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून आपण आरओच्या आधी मेटाबायसल्फाइटने किंवा कार्बन फिल्टरने तो काढून टाकतो. त्या क्षणापासून पाण्याला संरक्षण उरत नाही, आणि कार्बनचा थर तर जिवाणूंना राहायला उत्तम जागा. कार्ट्रिज फिल्टर बदलताना त्यावर बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर पुढे काय चाललंय ते समजा. एसडीआय, म्हणजे पाण्यात बारीक गाळ किती आहे ते सांगणारा निर्देशांक, मोजायलाही आळस नको. ५ च्या वर चालत नाही, मी तर ३ च्या खाली आग्रह धरते. प्रीट्रीटमेंटला, म्हणजे आरओच्या आधीच्या शुद्धीकरणाला, कॅटायनिक पॉलिमर (गाळ एकत्र आणणारं, धन भाराचं रसायन) वापरत असाल तर त्याचा डोस नेमका ठेवा, कारण उरलेला पॉलिमर अँटिस्केलंटशी जुळून चिकट गाळ बनवतो. आणि प्लँट बंद करताना फ्लश चुकवू नका, चौपट खारं पाणी मेंब्रेनमध्ये तसंच उभं राहिलं तर अँटिस्केलंट त्याला फार काळ धरून ठेवत नाही.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कागद मागा: मेंब्रेन नवीन असताना पहिल्या दोन दिवसांत घेतलेली रीडिंग्ज. तुलना करायची ती त्यांच्याशीच. आमच्याकडे तो कागद सापडला नाही, म्हणून पुढच्या वेळी मेंब्रेन बदलले तेव्हा ती रीडिंग्ज मी स्वतः उभं राहून घेतली आणि कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावली.