नाकाच्या दांड्यावर फॅशिया घालताना

नाकाला आकार द्यायच्या ऑपरेशनमध्ये दांडा गुळगुळीत झाला का, हे डोळ्यांना नाही, बोटाला विचारा. आधी दोन-तीन मिनिटं ओल्या गॉजने दांडा दाबून धरा, कारण टोचलेल्या औषधाचा फुगवटा बरेच खाचखळगे लपवतो. मग हातमोजा सलाइनने ओला करून तर्जनी भुवयांच्या मधून शेंड्याकडे सावकाश सरकवा. हाड संपून कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, सुरू होतं तिथे, रिनियॉनवर, कातडी सगळ्यात पातळ असते. तिथे बोट जरा जरी अडखळलं तरी पुढे जाऊ नका. रास्पने, म्हणजे हाडाच्या कानशीने, जाणारा उंचवटा रास्पनेच काढा. राहील त्याच्यासाठी ग्राफ्ट, म्हणजे पेशंटच्याच शरीरातून काढून बसवलेला तुकडा.

हे मला एका मुलीने शिकवलं. तिची कातडी पातळ होती आणि मी नाकातल्या पडद्याच्या कार्टिलेजची अखंड पट्टी दांड्यावर बसवली होती. टेबलावर नाक सुरेख दिसलं. दहा महिन्यांनी ती तपासणीला येऊन खिडकीपाशी बसली, तेव्हा तिरप्या उजेडात पट्टीची डावी कड रेघेसारखी उठून दिसली. सूज उतरून कातडी आवळली होती. तिला पुन्हा भूल द्यावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. कड तासली, वर फॅशिया, म्हणजे स्नायूवरचं पातळ, चिवट आवरण, पसरला.

फॅशिया कानाच्या वर, केसांत तीनेक सेंटिमीटरचा छेद घेऊन काढायचा. पांढरा, चकचकीत थर दिसला की चिमट्याने डोक्याची कातडी हलवून बघा. कातडीबरोबर सरकला तर तो वरवरचा थर. आपल्याला हवा तो खालच्या स्नायूवर घट्ट बसलेला असतो. काढलेला तुकडा स्टीलच्या पाटावर पसरून थोडा सुकू द्या. ओला फॅशिया बोटांना गुंडाळतो, सुकलेला पापडासारखा ताठ राहतो आणि हवा तसा कापता येतो. नुसती कड झाकायची असेल तर एवढं पुरतं.

उंचीही हवी असेल तर कार्टिलेजचे बारीक तुकडे फॅशियाच्या पिशवीत भरा. २००० साली तुर्कस्तानच्या ओनुर एरोल यांनी असे तुकडे सर्जिसेलमध्ये, म्हणजे रक्त थांबवायच्या विरघळणाऱ्या जाळीत, गुंडाळायची पद्धत मांडली. २००४ मध्ये अमेरिकेच्या रॉलिन डॅनियल आणि जे कॅल्व्हर्ट यांनी लिहिलं की त्यांच्या हातचे सर्जिसेलवाले ग्राफ्ट विरघळले, फॅशियातले टिकले. मी तेव्हापासून फॅशियाच वापरते.

तुकडे अर्धा ते एक मिलिमीटर, जाड्या रव्याएवढे. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते घाईत उरकू नका. एखादा मोठा तुकडा राहिला तर पुढे तोच बोटाला लागतो. चेचू नका, कापा. फार चेचलेलं कार्टिलेज जिरून जातं. पुढचं टोक कापलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तुकडे भरा, फॅशियाची नळी तिच्यावर चढवून शिवा आणि दट्ट्या हळू दाबत पिशवी भरा. ठासून भरू नका, बोटाने आकार देता आला पाहिजे. वरच्या टोकाचा टाका कातडीतून बाहेर ओढून घेतला की पिशवी मधोमध राहते. शेवटी पुन्हा ओलं बोट फिरवा.

पेशंटला ऑपरेशनच्या आधीच सांगा: पुढचे काही आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला टेपने अडकवायचा. आणि आईने, मावशीने, कुणीही प्रेमाने नाक दाबून बघायचं नाही.